शाल, श्रीफळ आणि स्ट्रायटम

परिषद मेंदूविज्ञानाची असो की मोडी लिपीची, आपल्याकडे तिचे उद्घाटन एकाच साच्यातून निघते. समई पेटवायची असते आणि तिच्या डोक्यावरचा पंखा बंद करायला नेमके कोणीतरी विसरलेले असते. चौथ्या काडीला वात पेटते, टाळ्या पडतात, संस्थापकांच्या तसबिरीला हार घातला जातो, स्वागतगीत होते. मग सूत्रसंचालिकाबाई एका चारोळीचा आधार घेऊन मान्यवरांची नावे पुकारू लागतात. एकेक मान्यवर उठतो, शाल खांद्यावर येते, श्रीफळ हातात येते, त्यावर पुष्पगुच्छ येतो. हल्ली पर्यावरणाची जाणीव वाढल्यामुळे गुच्छाऐवजी कुंडीतले रोप देतात, आणि पाहुण्यांना ते रात्रीच्या गाडीने मांडीवर घेऊन परतावे लागते. असे करता करता दहाचे बीजभाषण साडेअकराला सुरू होते. मधल्या रांगेत बसलेला, परदेशातून नुकताच डॉक्टरेट घेऊन आलेला तरुण संशोधक घड्याळ बघतो आणि शेजाऱ्याला म्हणतो, ‘यात विज्ञान कुठे आहे?’ शेजारीही मान हलवतो. या सत्कारसोहळ्याची टिंगल करणे हे आपल्या सुशिक्षितपणाचे एक लक्षणच होऊन बसले आहे. परिषद धातुशास्त्राची किंवा द्राक्षावरच्या भुरीची असती तर मीही त्या टिंगलीत सामील झालो असतो. पण विषय जर सामाजिक आणि भावनिक मेंदू हा असेल, तर माझे म्हणणे असे की विज्ञान असलेच तर ते त्या दीड तासातच असते. पुढचे दोन दिवस नुसते त्याविषयी बोलणे चालते.

पुरावा द्यायचा तर सुरुवात चेंडूपासून करावी लागेल. किपलिंग विल्यम्स नावाचे मानसशास्त्रज्ञ एकदा बागेत बसले असताना एक फ्रिस्बी घरंगळत त्यांच्यापाशी आली. त्यांनी ती खेळणाऱ्या दोघांकडे परत फेकली, त्यांनी पुन्हा यांच्याकडे फेकली, थोडा वेळ तिघांचा खेळ रंगला आणि मग त्या दोघांनी यांच्याकडे फेकणे काहीही न बोलता बंद केले. दुसरा कोणी असता तर घरी जाऊन बायकोवर चिडला असता. विल्यम्स यांनी त्यातून प्रयोग उभा केला. ‘सायबरबॉल’ या त्यांच्या खेळात पडद्यावर तिघे जण चेंडू फेकतात. थोड्या वेळाने दोघे आपापसातच फेकत राहतात आणि तिसऱ्याने, म्हणजे खऱ्या माणसाने, नुसते बघत बसायचे. २००३ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील नाओमी आयझेनबर्गर आणि मॅथ्यू लिबरमन यांनी विल्यम्स यांच्याबरोबर हाच खेळ तेरा विद्यार्थ्यांना एमआरआय यंत्रात झोपवून खेळायला लावला. चेंडू येईनासा झाल्यावर मेंदूच्या अँटिरिअर सिंग्युलेट कॉर्टेक्स नावाच्या भागात हालचाल वाढली. शरीराला काही दुखले-खुपले की जे भाग जागे होतात त्यांतलाच हा एक. चेंडूला ना वजन, ना किंमत. खेळात बक्षीस नाही, समोरचे कोण हेही माहीत नाही. तरी पोटात कालवाकालव होतेच. मग ज्याने परिषदेसाठी आमदारनिधीच्या कचेरीत सहा फेऱ्या मारल्या, त्याचे नाव व्यासपीठावरून घेतले गेले नाही तर त्याच्या कवटीत काय होत असेल?

याच प्रयोगात एक बारकावा आहे आणि तो संयोजन समितीने फ्रेम करून लावावा असा आहे. सुरुवातीच्या एका फेरीत त्या विद्यार्थ्यांना सांगण्यात आले होते की तांत्रिक अडचणीमुळे तुमचा यंत्रसंपर्क अजून जुळलेला नाही, तेव्हा तूर्त फक्त बघा. म्हणजे कोणी वगळले नव्हते, कोणाचा दोष नव्हता. तरीही मेंदूच्या त्याच भागाने साधारण तीच तक्रार नोंदवली. आपल्याकडे आभारप्रदर्शनाच्या शेवटी ‘नजरचुकीने कोणाचे नाव राहून गेले असल्यास क्षमस्व’ असे एक कलम असते आणि त्याने सगळे भागते अशी समजूत आहे. भागत नाही. मेंदू कारणे ऐकून घेतो, मान्यही करतो आणि दुखायचे ते दुखतोच. पुढे २००४ साली विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना आधीच सांगून टाकले की समोर माणसे नाहीत, संगणक आहे. तरीही चेंडू न आल्यावर लोकांचा आपलेपणा, स्वाभिमान, परिस्थिती आपल्या हातात असल्याची भावना आणि आपल्या असण्याला काही अर्थ आहे ही जाणीव, असे चारही खांब खचलेले आढळले. २००६ सालच्या प्रयोगात तर चेंडू हातात आला की पैसे कापले जात. म्हणजे न आलेला बरा! तरी तो येत नाही म्हणून माणसे हिरमुसली. ‘मला कशाला वर बोलावता, मी आपला खालीच बरा’ असे म्हणणाऱ्या निवृत्त विभागप्रमुखांना वर बोलावायचे की नाही, हा प्रश्न ज्या समितीला पडतो तिने हा निबंध वाचलेला नाही एवढेच म्हणता येईल. बहुतेक समित्या तो न वाचताच बोलावतात, हा भाग निराळा.

आता खर्चाची बाजू. परिषदेचे अंदाजपत्रक हा मूलतः कमी पैशांत जास्त मान कसा द्यावा याचा अभ्यास असतो, आणि त्याला भक्कम आधार जपानमधून मिळाला आहे. २००८ साली केईसे इझुमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच माणसाला एकदा पैसे जिंकू दिले आणि एकदा, अनोळखी लोकांनी तुमच्याविषयी असे मत दिले आहे असे सांगून, चांगली चांगली विशेषणे दाखवली. दोन्ही वेळा मेंदूतला स्ट्रायटम हाच बक्षिसाचा भाग उजळला. म्हणजे पाहुण्यांचे मानधन निम्मे केले आणि परिचयात ‘व्यासंगी’, ‘ऋजू’ आणि ‘बहुआयामी’ ही तीन विशेषणे वाढवली तर स्ट्रायटमच्या हिशेबात फारसा फरक पडू नये. (अध्यक्षांच्या हिशेबात पडतो; पण त्यांना स्ट्रायटमशिवाय इतरही अवयव असतात.) यावर असा आक्षेप येतो की ही विशेषणे खोटी असतात. परिचय करून देणाऱ्याने पाहुण्यांचे एक पानही वाचलेले नसते आणि हे पाहुण्यांनाही ठाऊक असते. खरे आहे. पण बी. जे. फॉग आणि क्लिफर्ड नास यांनी १९९७ साली लोकांना संगणकाबरोबर एक खेळ खेळायला दिला आणि एका गटाला स्पष्ट सांगितले की संगणक तुमचे जे कौतुक करील त्याचा तुमच्या खेळाशी काडीचाही संबंध नाही. त्या गटालाही ते कौतुक खऱ्या कौतुकाइतकेच गोड लागले. खोट्या स्तुतीने न फुगणारा माणूस शोधायला दुसरी परिषद भरवावी लागेल, आणि तिच्या उद्घाटनाला त्यालाच बोलावून त्याचा सत्कार करावा लागेल.

आभारप्रदर्शन कंटाळवाणे असते या आक्षेपाला तर प्रयोगशाळेने १९५९ सालीच उत्तर देऊन ठेवले आहे. नेव्हिल मोरे यांनी लोकांच्या दोन कानांत दोन वेगवेगळे मजकूर सोडले आणि एकाच कानातला मजकूर मोठ्याने म्हणत राहायला सांगितले. दुसऱ्या कानातले त्यांना जवळपास काहीच कळले नाही. पण त्या कानात त्यांचे स्वतःचे नाव आले, तेव्हा सुमारे एकतृतीयांश वेळा ते त्यांना ऐकू गेले. आता सभागृह बघा. बीजभाषणात ‘अमिग्डाला’ हा शब्द चाळीस वेळा आला तरी मागच्या रांगेतली डुलकी मोडत नाही, कारण सभागृहात अमिग्डाला सगळ्यांना असला तरी ते कोणाचेच नाव नाही. आभारप्रदर्शन हे परिषदेतले एकमेव भाषण असे की ज्यातला प्रत्येक दुसरा शब्द कोणाचे तरी नाव असते. मांडववाला, ध्वनिव्यवस्थावाला, केटररचे भाऊ, सगळे आपापल्या जागी ताठ होऊन ऐकत असतात. वक्तृत्वाचा एवढा परिणाम साधलेला दुसरा वक्ता त्या दोन दिवसांत दाखवावा.

इथे खरा वैज्ञानिक उभा राहील आणि म्हणेल, की तुम्ही ज्या मेंदूचित्रांवर एवढा इमला उभा करता ती किती विश्वासार्ह आहेत? प्रश्न रास्त आहे आणि तो विचारण्यासाठी एका माशाने प्राण वेचले आहेत, निदान वेचल्यावर त्याला कामाला लावण्यात आले आहे. २००९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या मेंदूचित्रणाच्या परिषदेत क्रेग बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पोस्टर लावले. त्यांनी एक मेलेला सामन मासा एमआरआय यंत्रात ठेवला, त्याला माणसांची निरनिराळ्या सामाजिक प्रसंगांतली छायाचित्रे दाखवली आणि चित्रातल्या माणसाला काय वाटत असेल असे रीतसर विचारले. संख्याशास्त्रातली आवश्यक ती दुरुस्ती न करता आकडेमोड केली तेव्हा माशाच्या मेंदूत चक्क हालचाल दिसली. २०१२ साली या कामाला इग नोबेल मिळाले. सामाजिक भावनांच्या संशोधनात प्रमाणपत्राची अपेक्षा न ठेवता सहभागी झालेला हा बहुधा एकमेव जीव. माशाचे पोस्टर लागले त्याच सुमारास एडवर्ड वुल आणि मंडळींनी या क्षेत्रातल्या कित्येक शोधनिबंधांतले आकडे विश्वास बसू नये इतके सुंदर आहेत असे दाखवून दिले. त्यांनी आपल्या निबंधाचे नाव आधी ‘व्हूडू’, म्हणजे थेट जादूटोणा, असे ठेवले होते. छापताना ते सौम्य केले. (महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोण्याविरुद्ध कायदाच आहे, तेव्हा आपल्या संशोधकांनी जपून असावे.) वुल यांच्या तोफेच्या तोंडी वर सांगितलेला चेंडूचा प्रयोगही होता. पुढे २०१४ साली चुंग-वान वू आणि टोर वेजर यांच्या गटाने दाखवले की नकाराचे दुःख आणि भाजल्याचे दुःख यांचे मेंदूतले ठसे बारकाईने पाहिले तर वेगवेगळे आहेत. हे सगळे मान्य. पण मेंदूत नेमका कुठला दिवा लागतो यावर माझा मुद्दा उभाच नाही. माणसाला वगळले की लागते, तो ते लपवतो आणि पुढच्या परिषदेला येत नाही, एवढेच मला पुरे आहे. त्याला यंत्रही नको; चेंडूच्या खेळानंतर भरून घेतलेल्या साध्या प्रश्नावल्या ते सांगतात. नवरदेवाच्या मामाला टोपी द्यायची राहिली तर काय होते हे ज्या समाजाला पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे, त्याला सांगायला कॅलिफोर्नियाहून कोणी यायची गरज नव्हती. आले ते बरेच झाले. आता मामांच्या बाजूला संदर्भसूची आहे.

‘परदेशात असले काही नसते’ हा आक्षेप मी फार गंभीरपणे घेत नाही. तिथे शाल नसते, पण अमेरिकेतल्या अनेक परिषदांत गळ्यातल्या ओळखपत्राखाली ‘वक्ता’, ‘संयोजक’ अशा रंगीत फिती चिकटवायला देतात, आणि मोठमोठी माणसे त्या छातीवर लोंबवत फिरतात. समोरचा माणूस आधी आपल्या चेहऱ्याकडे बघतो की ओळखपत्राकडे, यावर तिथे पुढच्या संभाषणाची लांबी ठरते. आणि व्यासपीठावर कोण बसणार यावरून रुसवेफुगवे फक्त आपल्याकडेच होतात असे वाटत असेल तर २००५ साल आठवावे. वॉशिंग्टनला सोसायटी फॉर न्यूरोसायन्सचे अधिवेशन होते, तीस हजारांहून अधिक लोक जमलेले, आणि तिथे बोलायला दलाई लामांना बोलावले होते. त्याला विरोध म्हणून शेकडो संशोधकांनी निवेदनावर सह्या केल्या. धर्मगुरूचे विज्ञानाच्या व्यासपीठावर काय काम, असा मुद्दा होता आणि तो तात्त्विकच होता. ध्यान, करुणा आणि मनःशांती यांवरचे भाषण होणार म्हणून एवढी अशांती माजली, याची नोंद मात्र कोणा संशोधकाने यंत्रात झोपून करून घेतली नाही. भावना बाजूला ठेवून परिषदा भरवू म्हणणाऱ्यांनी अँटोनिओ डमासिओ यांच्या १९९४ सालच्या पुस्तकातला एक रुग्णही लक्षात ठेवावा. कपाळामागच्या भागाला इजा झाल्याने त्याच्या निर्णयांतून भावना गळून गेली होती, बुद्धी मात्र शाबूत होती. पुढच्या भेटीसाठी त्याला दोन तारखा दिल्या तर तो जवळजवळ अर्धा तास दोन्हींचे फायदे-तोटे शांतपणे मांडत बसला. भावनांनी ओथंबलेली आपली संयोजन समिती तारीख ठरवायला तीन बैठका घेते हे खरे, पण तिला कोणाचा ना कोणाचा पाडवा सांभाळायचा असतो.

एक आक्षेप मात्र मला झोंबतो. तो असा, की हा मान मिळतो कोणाला? ज्याला आयुष्यभर मिळत आला त्यालाच. कुलगुरूंच्या कपाटात शाली ठेवायला जागा नाही आणि त्यांना एक शाल आणखी दिली जाते. ती ज्या तबकातून येते ते तबक धरून एम.ए.ची विद्यार्थिनी पाऊण तास उभी असते आणि छायाचित्रात तिचे फक्त कोपर येते. स्ट्रायटमला सवयीच्या बक्षिसाचे अप्रूप राहत नाही हेही मेंदूविज्ञानच सांगते, तेव्हा कुलगुरूंच्या बाबतीत तो खर्च वायाच जातो. आणि खरी चेंडूफेक तर पुढेच असते. तिचे नाव पोस्टर सत्र. प्रसाधनगृहाकडे जाणाऱ्या बोळात तीस फळ्या लावलेल्या असतात, प्रत्येक फळीशेजारी एक जण इस्त्रीचा शर्ट किंवा ठेवणीतली साडी नेसून उभा असतो, आणि जेवणाच्या रांगेकडे निघालेला जनसमुदाय त्यांच्या अंगावरून जातो. कोणी थांबलेच तर शीर्षकाचा पहिला अर्धा वाचतो, ‘छान, छान’ म्हणतो आणि पापडाच्या दिशेने निघतो. एकाकीपणाचे मेंदूवर होणारे परिणाम या विषयाचे पोस्टर घेऊन दोन तास एकटे उभे राहणे, हा प्रयोग कुठल्याही नीतिसमितीने मंजूर केला नसता. सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या माशाचे पोस्टर गाजले. पण माणसांची, तीही जिवंत माणसांची, पोस्टरे कोणी बघत नाही.

हा आक्षेप मान्य केला की सत्कार बंद करावेत असे पुष्कळांना वाटते, पण ते उलटे औषध झाले. चेंडू काही जणांनाच मिळतो म्हणून चेंडूच काढून घेणे याला उपाय म्हणत नाहीत. चेंडू सगळ्यांकडे फिरवावा. पोस्टरवाल्या तिसांनाही व्यासपीठावर बोलवावे, त्यांचाही तीन विशेषणांत परिचय व्हावा, तबक धरणारीला कोणीतरी तबक धरून गुच्छ द्यावा. वेळ लागेल, हे कबूल. तो शोधनिबंधवाचनातून काढावा. आतासुद्धा समांतर सत्रांत दहा मिनिटांची भाषणे सहा मिनिटांवर आणली जातात आणि ‘वेळेअभावी’ निष्कर्षाची पारदर्शिका वगळली जाते, त्याने विज्ञानाचे नुकसान झाल्याची तक्रार अजून कोणी केलेली नाही. सहभागाचे प्रमाणपत्र दुसऱ्या दिवशी जेवणानंतर वाटले की उपस्थिती टिकते, हा शोध आपल्या महाविद्यालयांनी कोणत्याही यंत्राशिवाय लावलेला आहेच. त्याच धर्तीवर सत्काराचे तीन-चार हप्ते पाडता येतील. आणि एवढे करून कोणी राहिलेच, तर परिषदेच्या पिशवीत वही, पेन आणि पाण्याच्या बाटलीबरोबर पॅरासिटामॉलची एक पट्टी टाकावी. ही थट्टा नाही, किंवा पूर्ण थट्टा नाही. २०१० साली नेथन डिवॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही लोकांना तीन आठवडे रोज हे औषध दिले आणि त्यांच्या मनाला लागण्याच्या तक्रारी कमी झाल्या असे नोंदवले. परिषद दोनच दिवसांची असते, त्यामुळे गोळ्या निमंत्रणपत्रिकेबरोबरच पाठवाव्या लागतील.

उरतो एक जण, आणि त्याचे काय करायचे हे मला सुचलेले नाही. आभारप्रदर्शन करणारा सगळ्यांचे आभार मानतो, पण त्याचे आभार कोण मानणार? स्वतःचे त्याने मानले तर बरे दिसत नाही, आणि त्याचे वाक्य संपता संपता राष्ट्रगीत सुरू होते, त्यानंतर ध्वनिक्षेपक बंद आणि सभागृह जेवणाकडे. त्याच्यासाठी दुसरा आभारप्रदर्शक नेमला तर दुसऱ्याचा प्रश्न उरतो. आपल्या महाविद्यालयांनी यावर तोडगा काढला आहे आणि तो व्यवहारात उत्तम चालतो. ते हे काम तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाकडे देतात. त्याला रुसायचे असेल तर त्या तासाचे पैसे मिळत नाहीत.